अर्ज दिला, पुढे काय?

अर्ज दिला म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अर्ज दिला म्हणजे कागद वाटेला लागला, एवढेच. तो वाटेत कुठे अडला आहे, हे आपणच पाहावे लागते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचेच घ्या. महाराष्ट्रात ही योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बाया, अपंग, मोठ्या दुखण्याने खंगलेली माणसे, अनाथ मुले अशांसाठी ती आहे. वय पासष्टच्या आत असावे लागते. त्यापुढच्या म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजना आहे. दरमहाची रक्कम २०१९ साली १००० रुपये झाली आणि २०२३ साली १५०० रुपये झाली. शहरातल्या माणसाला ही रक्कम थोडी वाटेल. ज्या घरी तेलमीठ उधारीवर येते, त्या घरी विचारा.

आमच्या आळीत एक विधवा बाई आहे. नाव सांगत नाही. पूर्वी ती दिवसभर खुरपायला जाई. आता गुडघे धरले आहेत. सकाळी जाते आणि दुपारी परत येते. मालक निम्मा रोज देतो. आमच्याकडे बाईचा रोज ३०० रुपये, म्हणजे तिच्या हाती १५० पडतात. तेही महिन्यातून दहा दिवस. तिने अर्ज दिला, त्याला आठ महिने झाले. निरोप नाही की पैसा नाही.

तिला एक भीती होती. "गुरुजी, मी कामाला जाते हे कळलं तर अर्ज फेटाळतील. कामच सोडू का?" असे तिने विचारले. ही भीती आम्ही फार जणांच्या तोंडून ऐकली आहे. तिच्यापायी लोक हातचे काम सोडतात आणि उपाशी राहतात.

नियम काय पाहतो? कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पाहतो. ते २१,००० रुपयांच्या आत असावे, किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे. अपंगांना ही मर्यादा जास्त आहे. आता हिशेब करू. दीडशे रुपये, दहा दिवस, म्हणजे महिन्याला १५०० रुपये. बारा महिन्यांचे झाले १८,०००. हे मर्यादेच्या आत आहे. मग लपवायचे कशाला? तलाठी चौकशीला आला की खरे तेच सांगावे. निम्म्या रोजावर जाते, दहा दिवस जाते, गुडघे चालत नाहीत. खोटे सांगितले आणि शेजाऱ्याने दुसरे सांगितले, तर मात्र अर्ज खरोखर अडकतो.

आता कागदाची वाट पाहू. अर्ज तहसील कचेरीत जातो. तिथे दाखले तपासतात. वयाचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. तलाठी चौकशी करतो. मग तालुक्याची समिती बसते आणि मंजूर की नामंजूर ते ठरवते. समितीची बैठक लांबली की सगळ्यांचेच अर्ज लांबतात. त्यात कुणाचे वैर नसते. पण कधी एखाद्याच अर्जात दाखला कमी असतो. तो अर्ज बाजूला पडतो, आणि निरोप घरापर्यंत पोचत नाही. माणूस वाट पाहत बसतो आणि कागद दाखल्याची वाट पाहत बसतो.

ही बाई कचेरीत चार वेळा जाऊन आली होती. दर खेपेला निम्मा रोज बुडाला. २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले आहे म्हणून बरे. चारही खेपांना उत्तर एकच: "बघतो, पुढच्या महिन्यात या." आम्ही विचारले, "लिहून काय आणलेस?" काहीच नाही. तोंडी विचारले, तोंडी ऐकले. अशा खेपांची कचेरीत नोंद राहत नाही. दारात साहेबांच्या पाया पडून आलेली खेप तर आम्ही खेप म्हणतच नाही.

ज्याचा रोजच निम्मा आहे, त्याने खेपा कमी कराव्यात आणि प्रत्येक खेपेला कागद हाती घेऊन यावे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक खिडकीवर द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हीच पोच. ती पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवावी, कारण उंदीर कागद खातात.

दोन महिने झाले तरी उत्तर नाही, तर स्मरणपत्र द्यावे. ते असे लिहावे:

"मा. तहसीलदार साहेब यांस. मी अमुक गावची विधवा. निराधार योजनेचा माझा अर्ज अमुक तारखेस दिला आहे. आवक क्रमांक अमुक. अर्ज मंजूर झाला, नामंजूर झाला, की कागद कमी आहे, हे लेखी कळवावे, ही विनंती."

एवढे पुरे. घरच्या दुःखाची कहाणी यात लिहू नये. ती खरी असते, पण कारकुनाला क्रमांक हवा असतो. याचीही पोच घ्यावी.

तरीही हालचाल नाही, तर दोन वाटा आहेत. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो आणि सोबत पोच जोडावी लागते. दुसरी वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, पुरावा जोडला तर, तेही लागत नाहीत. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. "माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?" एवढाच प्रश्न विचारावा.

"मी करून देतो, पाचशे द्या," असे म्हणणारा माणूस कचेरीच्या झाडाखाली हमखास भेटतो. त्याला पैसे देऊ नयेत. सेतू केंद्रात दाखल्याची फी लागते, पण तिची पावती मिळते.

बाईने स्मरणपत्र दिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. अर्ज केव्हाच मंजूर झाला होता! मग पैसे कुठे? इथे नीट ध्यान द्या, कारण आजकाल बरेच जण इथेच अडतात. पैसे आता आधार क्रमांकावरून थेट बँकेत जातात. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडले असेल, तिथे ते जमा होतात. आपण अर्जात कोणते पासबुक लावले, याने फरक पडत नाही. बाईची खाती दोन. एक जुने, सहकारी बँकेतले, तेच ती दर महिन्याला पाहत असे. दुसरे गॅसच्या अनुदानासाठी उघडलेले आणि विसरलेले. पाच महिन्यांचे साडेसात हजार रुपये त्या दुसऱ्या खात्यात पडून होते.

म्हणून पैसे आले नाहीत असे वाटले, तर कचेरीत जाण्याआधी बँकेत जावे. "माझे आधार अनुदानासाठी कोणत्या बँकेला जोडले आहे?" असे विचारावे. नुसते "आधार जोडले आहे का?" असे विचारले, तर साहेब "हो" म्हणतील आणि आपण घरी येऊ. बोटाचा ठसा उमटत नसेल, तेही तिथेच सांगावे. खुरपे धरून ज्यांची बोटे झिजली, त्यांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत.

पैसे सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात. कोणत्या महिन्यात द्यायचा, ते तलाठ्याला विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आता लिहिता येते, तर स्वतःच लिहावे.