बल्लूचे तीन अवतार

नाटकात एखादे दुय्यम पात्र असे रंगते की, प्रेक्षक नायकाला विसरून त्याच्याच नादी लागतात. मोगलीच्या गोष्टीतल्या बल्लू अस्वलाचे तसेच झाले. किपलिंगसाहेबांच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मध्ये हा बल्लू म्हणजे शिवनीच्या अरण्यातला कडक पंतोजी. चापट्या मारून मोगलीकडून जंगलचा कायदा घोकून घेणारा. १९६७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात तोच खुशालचेंडू झाला. आणि १९९० साली त्या चित्रपटातली पात्रे उचलून 'टेलस्पिन' ही दूरचित्रवाणीची चित्रमालिका निघाली, तेव्हा तर स्वारी चक्क विमान चालवू लागली! शेरखान झाला बडा उद्योगपती. मोगली मात्र बेपत्ता.

नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका हिंदीत लागे. पनवेलला आमच्या घरी माझा भाचा ती डोळ्यांत प्राण आणून पाही. आईवेगळे पोर, आमच्याकडेच वाढत होते. एकदा त्याने विचारले, "मावशी, मोगली कुठे गेला गं?"

मी म्हटले, "अरे, तो किट बघ ना!" किट हे अस्वलाचे पोर. आईबाप नाहीत, हवाई लुटारूंच्या टोळीतून पळून आलेले. बल्लू त्याला आपल्या घरी ठेवून घेतो, विमान शिकवतो. अरण्य गेले, लांडगे गेले; पण पोरक्या पोराला जवळ करणारे अस्वल राहिले. मोगलीच्या गोष्टीचा जीव तोच तर होता!

भाचा त्यावर काहीच बोलला नाही. पुढचा भाग लागला तेव्हा मात्र, "मावशी, ये ना लवकर," म्हणून त्याने मला स्वयंपाकघरातून ओढत नेले.