मोडी अक्षरे आणि सर्व्हरवरील संकेतन

मोडी कागदपत्रांचा संग्रह सर्व्हरवर ठेवू इच्छिणाऱ्या अभ्यासकास एक प्रश्न आरंभीच सोडवावा लागतो. तो असा की, एक अक्षर किती बाइटांत साठवावयाचे? युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास क्रमांक असतो आणि यूटीएफ-८ ही पद्धती तो १ ते ४ बाइटांत लिहिते. देवनागरी ‘क’ला ३ बाइट लागतात. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली. तिला वरचे क्रमांक मिळाल्याने मोडी ‘क’ला मात्र ४ बाइट लागतात.

अडचण उद्भवते ती येथेच. मायएसक्यूएल या डेटाबेसात ‘यूटीएफ८’ नावाने दीर्घकाळ प्रचलित असलेल्या संकेतनाची मर्यादा ३ बाइटांचीच होती. देवनागरी मजकूर तीत सुखरूप राहतो, म्हणून दोष ध्यानात येत नाही. मोडी अक्षर आले म्हणजे कडक तपासणी चालू असल्यास नोंद नाकारली जाते. ती बंद असल्यास मजकूर त्या अक्षरापाशी तुटतो, किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्ह उरते. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. कारण देवनागरी लिप्यंतर शाबूत दिसते आणि मूळ पाठ गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे २०१० साली आलेले ‘यूटीएफ८एमबी४’ हे संकेतन. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून नव्या डेटाबेसांस ते आपोआप लागू होते. जुने तक्ते मात्र स्वतः बदलावे लागतात, आणि सर्व्हरशी होणारी जोडणीही त्याच संकेतनात असावी लागते. गळालेली अक्षरे यामुळे परत येत नाहीत. सबब पहिली नोंद करण्यापूर्वी एक मोडी अक्षर साठवून ते परत वाचून पाहावे.