चाकांवरचे घर (लेखांक सातवा) : भरकटणारी गाडी आणि स्टिअरिंग स्टॅबिलायझर

अमेरिकेतील सरळसोट राजमार्गावर ताशी ६० मैलांच्या वेगाने ३२ फुटी मोटारहोम हाकणाऱ्या गृहस्थाला शेजारच्या गाडीतून पाहिले, तर तो होडी वल्हवीत असावा असा भास होतो. कारण रस्ता रेषेसारखा सरळ असूनही त्याचे हात स्टिअरिंगवर अखंड डावे-उजवे करीत असतात, आणि चार-पाच तासांनी त्याचे खांदे जे भरून येतात ते या अविश्रांत दुरुस्तीमुळेच. या व्याधीवर स्टिअरिंग स्टॅबिलायझर हा रामबाण उपाय होय, अशी समजूत मोटारहोमवाल्यांत इतकी रूढ झाली आहे की, गाडीची कागदपत्रे हाती पडण्यापूर्वीच त्याची चौकशी सुरू होते. उपकरण उपयुक्त आहे, याविषयी माझी तक्रार नाही. तथापि या एकाच नावाखाली तीन भिन्न प्रकृतींची यंत्रे विकली जातात, आणि भरकटण्याचा एक प्रकार तर असा आहे की, त्याच्यावर या तिघांपैकी एकाचीही मात्रा चालत नाही. सबब खरेदीपूर्वी रोगाचा निवाडा होणे अगत्याचे आहे.

हा निवाडा करण्यास कारागीर लागत नाही. वारा पडलेला असावा, रस्ता मोकळा व सपाट असावा, आणि मुठी आवळून न धरता स्टिअरिंगवर हात नुसते टेकवून पाहावे की, गाडी बाजूला सरकते तेव्हा आधी काय हलते. स्टिअरिंग स्वतःहून हातात फिरत असेल, तर पुढच्या चाकांकडून येणारा धक्का किंवा त्या चाकांची सरळ मध्यावर परतण्याविषयीची उदासीनता हे कारण संभवते, आणि तेथे स्टॅबिलायझरला करण्याजोगे काही आहे. उलटपक्षी स्टिअरिंग जागच्या जागी असताना घरच अंगासकट बाजूला जात असेल, तर तो गुन्हा मागच्या बाजूचा समजावा.

या दुसऱ्या प्रकाराचे स्वरूप मोठा ट्रक ओलांडून जातो त्या वेळी उत्तम कळते. ट्रकच्या तोंडापुढे रेटली जाणारी हवा प्रथम मोटारहोमच्या शेपटाला भिडते. हे शेपूट मागच्या आसापलीकडे दहा-बारा फूट लोंबत असल्यामुळे तरफेसारखे काम करते, आणि मागचा भाग बाहेर ढकलला गेला की गाडीचे तोंड ट्रकच्या दिशेने वळते. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मोटारहोमांपैकी बहुसंख्य गाड्या ज्या फोर्ड एफ-५३ चेसिसवर उभारलेल्या असतात, तिला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. आणि पाटा वरखाली भार झेलण्यात जितका वाकबगार, तितका आडवा रेटा अडवण्यात नसतो, त्यामुळे आस जागेवर राहून वरचे घर तेवढे आडवे सरकते. यावर इलाज म्हणजे आसाचे एक टोक आणि चेसिसची विरुद्ध बाजू यांना जोडणारी आडवी कांब, म्हणजेच ट्रॅक बार होय. स्टॅबिलायझर बिचारा पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडवर बसलेला. जो हललाच नाही त्या टाय रॉडला त्याने आवरावे कसे? तरीही या तक्रारीवर तेच यंत्र विकत घेणारे मी पाहिले आहेत, आणि खर्च केल्याच्या समाधानात काही दिवस गाडी सुधारल्याचा प्रत्ययही त्यांना येत असतो.

शेपटाची लांबी अर्थातच खरेदीच्या वेळीच ठरून गेलेली असते. दोन आसांमधील अंतराला एकंदर लांबीने भागावे, आणि भागाकार शेकडा ५४-५५ च्या आसपास वा वर असावा, असा एक ढोबळ दंडक जाणत्या मंडळींत प्रचलित आहे. २०८ इंची चेसिसवर ३२ फुटी, म्हणजे ३८४ इंची घर चढवले तर हे प्रमाण ५४ भरते. तेच घर १९० इंची चेसिसवर बसवले तर ४९ वर येते, आणि अशा गाडीचा मालक आयुष्यभर यंत्रे जोडीत राहिला तरी भूमितीचा फेरनिवाडा होत नाही.

स्टिअरिंग हातात फिरते असे ज्यांना आढळले, त्यांनीही लगेच पैसे मोजू नयेत. वजन आणि हवा यांचा परामर्श मागील लेखांकांत घेतलाच आहे; एवढेच स्मरण देतो की, ट्रकथांब्यांवरील कॅट कंपनीच्या काट्यावर प्रत्येक आसाचा भार वेगळा मिळतो आणि टायर उत्पादकाच्या तक्त्यात त्या भाराला नेमकी किती हवा लागते हे दिलेले असते. पुढच्या टायरांत आवश्यकतेपेक्षा फार अधिक हवा कोंबली की जमिनीशी त्यांचा संपर्क आखूड होतो, आणि रस्त्यावरची प्रत्येक खाच स्टिअरिंगपर्यंत वर्दी देऊ लागते. त्याचप्रमाणे टाय रॉडची टोके, किंगपिन, बुश व बेअरिंग यांतील झीज आधी तपासून घ्यावी, कारण ढिल्या सांध्यावर बसवलेला स्टॅबिलायझर तो दोष दूर न करता झाकून ठेवतो, आणि झाकलेला दोष पुढे भर वेगात प्रकट होतो.

आता कॅस्टरविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस किंचित मागे कललेला असतो. तो खाली वाढवला तर टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या पुढे तो जमिनीला भेटेल. गाडी पुढे चालली की टायर या बिंदूच्या मागोमाग ओढला जातो, आणि त्यामुळे सोडलेले स्टिअरिंग आपोआप सरळ होते. हा कल, म्हणजेच कॅस्टर, अपुरा असला की चाकाला मध्याची ओढ उरत नाही. फोर्डच्या ई-४५० सारखी चेसिस कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यावर घर नसते. काही हजार पौंडांचा भार दुसऱ्याच कारखान्यात चढतो, त्यामुळे अलाइनमेंट पुन्हा करणे न्याय्य असते, परंतु ती नेहमी होतेच असे नाही. यात आणखी एक गंमत आहे. मागे बसलेली गाडी उचलावी म्हणून पुष्कळ जण मागच्या आसावर हवेच्या पिशव्या बसवतात. दोन आसांमध्ये १५८ इंच अंतर असलेल्या गाडीचे मागचे अंग २ इंच उचलले की संपूर्ण चेसिस पुढे झुकते आणि कॅस्टर सुमारे पाऊण अंशाने घटतो. ज्या गाडीत मुळात दोन-तीन अंशच असतील तिला पाऊण अंश म्हणजे मोठी रक्कम. आणि मालक मात्र म्हणत राहतो की, पिशव्या बसवल्यापासून गाडी उंच झाली, पण चंचलही झाली. भरलेल्या गाडीची अलाइनमेंट करून, शक्य तितका कॅस्टर मागून घेणे हा पहिला खर्च, आणि कित्येकांच्या बाबतीत तोच शेवटचाही ठरतो.

एवढे करूनही हात थकत असतील, तर मग यंत्राकडे वळावे. पहिला प्रकार हा निव्वळ शॉक ॲब्सॉर्बरचा आडवा बसवलेला भाऊबंद होय. तो वेगाला विरोध करतो, स्थानाला नाही. चाक झटक्याने फिरू लागले तर तो अडवतो, पण फिरलेले चाक मध्यावर आणण्याची त्याला यत्किंचितही आस्था नसते. खड्ड्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर हा स्वस्त उपाय पुरेसा आहे. दुसऱ्या प्रकारात त्याच शॉकला स्प्रिंगची जोड असते. रोडमास्टरचे रिफ्लेक्स आणि सेफ-टी-प्लस ही त्यातली परिचित नावे. मध्यापासून चाक ढळले की स्प्रिंग दाबली जाऊन त्याला परत आणते. पुढचा टायर अकस्मात फुटला असता चाकाला बसणाऱ्या एकतर्फी ओढीला हीच स्प्रिंग थोडाफार विरोध करते, आणि तेवढ्या अवधीत चालकाने ब्रेक न मारता गाडी सरळ धरावी, अशी अपेक्षा असते. या प्रकाराची मर्यादा अशी की, त्याला जो मध्य दाखवावा त्यालाच तो मध्य मानतो. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. उजव्या मार्गिकेत गाडी उजवीकडे उतरू पाहते, तर डाव्या मार्गिकेत हा उतार निराळा असतो, त्यामुळे एकीसाठी लावलेला मध्य दुसरीत चुकीचा ठरतो.

तिसरा प्रकार, ज्यात ब्लू ऑक्सचे ट्रूसेंटर मोडते, याच अडचणीवर काढलेला आहे. चालकाच्या हाताशी असलेल्या बटणाने चालत्या गाडीत मध्य बदलता येतो. वायोमिंगमधून जाणारा इंटरस्टेट ८०, कोलंबिया नदीची घळ, किंवा कॅलिफोर्नियातील पवनचक्क्यांनी भरलेली सान गोर्गोनियो खिंड येथे वारा तासनतास एकाच अंगाने वाहतो. ३२ फूट लांब व ९ फूट उंच भिंतीवर ताशी ४० मैलांचा आडवा वारा ढोबळ हिशेबाने पाचशे किलोंच्या वर रेटा देतो, आणि तो सोसण्यासाठी स्टिअरिंग सतत थोडे वळवून धरावे लागते. तेथे मध्यच वाऱ्याच्या दिशेने सरकवता येणे ही चैन नव्हे. मात्र झुळकांनी येणाऱ्या, क्षणाक्षणाला दिशा बदलणाऱ्या वाऱ्यात या सोयीचा काही उपयोग नाही. वर्षातून एकदा यलोस्टोनला जाऊन येणाऱ्या कुटुंबाने, मग ते न्यू जर्सीतील मराठी बिऱ्हाड का असेना, दुसऱ्या प्रकारावर समाधान मानावे. पश्चिमेकडील वाऱ्याच्या मुलखात महिनोन्महिने फिरणाऱ्याने तिसऱ्याचा जादा खर्च निःशंकपणे करावा.

स्प्रिंगची ताकद पुढच्या आसाच्या भारानुरूप निवडावयाची असते, आणि यासाठी पुन्हा काट्याची पावतीच पुरावा. जोरकस स्प्रिंग अधिक सुरक्षित, हा समज सोडून द्यावा. तिच्यामुळे मध्याजवळ स्टिअरिंग जड होते, बारीक दुरुस्ती करताना हात आधी अडतो व मग एकदम सुटतो, आणि भरकटणे थांबण्याऐवजी त्याचा लंबक मोठा होतो. बसवताना चाके सरळ ठेवून यंत्राची टाय रॉडवरची पकड थोडी सैल ठेवावी, ओळखीच्या सपाट रस्त्यावर गाडी ज्या बाजूला ओढते त्याप्रमाणे ती अंशाअंशाने सरकवावी, आणि मगच नट आवळावेत. त्यानंतर मोकळ्या आवारात स्टिअरिंग दोन्ही अंगांना पार टोकापर्यंत फिरवून, दुसऱ्या माणसाला खाली पाहावयास सांगावे: यंत्राचा दांडा चेसिसला, ब्रेकच्या नळीला किंवा अँटी-रोल बारला कोठे अडत असेल, तर बसवणी चुकलेली आहे आणि गाडी त्या दिवशी आवाराबाहेर काढू नये. पहिल्या लांब प्रवासानंतर नट पुन्हा तपासावेत. पकड टाय रॉडवर थोडीशी जरी घसरली, तरी यंत्राचा मध्य आणि गाडीचा मध्य वेगळे होतात, व गाडी एका बाजूला ओढू लागते.

मागच्या आसाचा ट्रॅक बार आणि अँटी-रोल बारच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या भोकाचा बिनखर्ची उपयोग यांचा तपशील पुढील लेखांकात येईल.