ब्रेक दाबल्यावर गाडी आवाज करते? आधी आवाज ओळखा, मग गॅरेज गाठा

दहा-बारा वर्षं चाललेली वॅगन आर, अल्टो किंवा सँट्रो आपल्या बऱ्याच घरांत आहे. पुष्कळदा ती सेकंड हँड घेतलेली असते. आधीच्या मालकाने काय बदललं, काय तसंच रेटलं, याची नोंद कुठेच नसते. अशी गाडी एक दिवस ब्रेक दाबल्यावर आवाज करायला लागते. सुरुवातीला "जुनी गाडी आहे, आवाज करणारच" म्हणून सगळे सोडून देतात. मग आवाज वाढतो, गाडी गॅरेजला जाते आणि तिथे आपण एकच वाक्य बोलतो, "उस्ताद, ब्रेकमधून आवाज येतोय." तेवढ्या माहितीवर पॅड बदलले जातात, पैसे जातात आणि कधी कधी आठवड्याभरात तोच आवाज परत येतो. कारण तो पॅडचा नव्हताच.

ब्रेकच्या आवाजांपैकी काही निरुपद्रवी असतात, काही थोडी सवड देतात, आणि एक आवाज असा आहे की तो आल्यावर गाडी पुढे न्यायचीच नाही. हा फरक ओळखायला हत्यारं लागत नाहीत, कान लागतात.

आधी थोडं आतलं समजून घेऊ. या छोट्या गाड्यांना सहसा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे पॅड. पॅड पकडून ठेवणारा जो भाग तो कॅलिपर. मागे ड्रमच्या आत दोन लायनर असतात, ते बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घासतात. हँडब्रेकही याच मागच्या लायनरवर चालतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग बंद होते, हा आवाज कोकणात पावसाळ्यात जवळजवळ रोजचाच. दमट हवेत रात्रीतून डिस्कवर पातळ गंज धरतो आणि पॅड तो खरवडून काढतात. गाडी धुतल्यावरही असंच होतं. यात बिघाड काही नाही. मात्र गाडी महिना-दोन महिने जागची हललेली नसेल आणि खरखर थांबतच नसेल, तर गंज खोल गेलेला असू शकतो, डिस्क पाहून घ्यायला हवी.

ब्रेक हलका दाबला की बारीक, कानात घुसणारी "चीं" येते आणि ती रोज येते, तर पॅड संपत आलेत असं समजायला हरकत नाही. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. तो झिजून 2-3 मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि ओरडते. तिचं कामच ते. या आवाजात आपल्याला काही दिवसांची सवड असते, महिन्यांची नाही. पण नवे पॅड टाकूनही चीं येत असेल, तर स्वस्तातले कडक पॅड, आत साचलेली धूळ किंवा न बसवलेली क्लिप, यांपैकी काहीतरी असणार. पॅडबरोबर येणाऱ्या त्या बारीक क्लिपा घाईत पुष्कळदा बाजूला पडतात. मग पॅड आपल्या जागेत सैल राहतो आणि खडबडीत रस्त्यावर खुळखुळतो.

आता तो आवाज, ज्याच्याशी खेळायचं नाही. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड, करकरीत आवाज येतो आणि पायाखाली पेडलमध्येही तो जाणवतो. म्हणजे पॅडचा मसाला संपला आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्क खातेय. आता गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पॅडच्या खर्चावर भागलं असतं तिथे डिस्कही बदलावी लागते, कारण प्रत्येक डिस्कला किमान जाडी ठरलेली असते (ती बहुधा डिस्कवर कोरलेली असते) आणि त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून गुळगुळीत केली तरी वापरायची नसते. या अवस्थेत मुलांना मागे बसवून घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्या.

पॅड बदलून दोन-तीन महिन्यांत पुन्हा करकर सुरू झाली, तर बहुतेक जण पॅडच्या कंपनीला नावं ठेवतात. मला वाटतं, दोष बरेचदा कॅलिपरचा असतो. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यांचं ग्रीस सुकलं, रबर फाटून पाणी आत गेलं की पिन अडकते. मग ब्रेक सोडल्यावरही एक पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. जुने पॅड काढल्यावर ते हातात मागून घ्या. एक पार संपलेला आणि दुसरा निम्मा शिल्लक असेल, तर पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड टिकणार नाहीत. घरच्या घरी याची एक खूण पाहता येते. फारसा ब्रेक न दाबता आठ-दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ तळवा न्या, हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथलाच ब्रेक अडकतोय. अशी गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढतेही.

आवाज पुढचा की मागचा हे कळत नसेल तर हँडब्रेकची मदत घ्या. रिकाम्या, सरळ रस्त्यावर 20 च्या आसपास वेग ठेवा, मागे कोणी नाही हे पाहा, हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच तो हळूहळू वर ओढा. आवाज आला तर तो मागच्या ड्रममधला. तिथे बहुतेक वेळा लायनरची काळी पूड साचलेली असते, नाहीतर लायनर संपलेले असतात. ड्रम उघडल्यावर आत ओल दिसली, तर चाकातला छोटा सिलिंडर ब्रेक ऑइल गळतोय, तो बदलायलाच हवा. ती पूड तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. मुलं गॅरेजमध्ये घुटमळत असतील तर त्यांना लांब ठेवा.

काही आवाज ब्रेकचे नसूनही ब्रेकवर ढकलले जातात. ब्रेक न दाबताही सतत घासल्याचा आवाज येतो आणि रिव्हर्स घेतल्यावर बदलतो किंवा नाहीसा होतो, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. वेगाबरोबर वाढणारी "घूं" आणि वळणावर तिचा बदलणारा सूर, हे चाकाच्या बेअरिंगचं लक्षण. ब्रेक दाबताना एकच "ठक" येत असेल, तर कॅलिपरचे बोल्ट आणि खालच्या आर्मचे बुश दोन्ही तपासायला सांगा. खड्ड्यांच्या रस्त्यांवर बुश जातातच. आणि एबीएस असलेल्या गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर पेडल थरथरतं, खालून "गर्र" ऐकू येतं. ते एबीएसचं काम आहे, घाबरून पाय काढू नका. भारतात 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ते बहुधा नसतं.

ईदला किंवा मे महिन्यात गावी निघायचं तर आंबा घाट, कुंभार्ली घाट यांसारखे उतार लागतात आणि गाडीत माणसं, सामान सगळं भरलेलं असतं. तपासणी निघायच्या आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी करा, म्हणजे पार्ट मागवायला वेळ मिळतो. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी पाहा. पॅड झिजले की ती हळूहळू खाली जाते, म्हणून नुसतं वरून ऑइल भरून गप्प बसू नका, ते का उतरलं ते शोधा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल गेलेलं ऑइल उतारावर तापून उकळलं की पेडल मऊ पडून आत जातं. दर दोन वर्षांनी ते बदललेलं चांगलं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच वेग धरू द्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसता "आवाज येतोय" सांगू नका. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, हलक्या ब्रेकला की जोरात दाबल्यावर, पुढून की मागून, पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं का, एवढं सांगितलं की उस्तादचा निम्मा वेळ वाचतो. काचा खाली करून एखाद्या भिंतीच्या कडेने हळू चालवली, तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि बाजूही कळते. पॅड नेहमी जोडीने बदलायचे, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे. फक्त आवाज येणाऱ्या चाकाचे बदलून घेतले तर गाडी एका बाजूला ओढेल.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून ते कडक होतंय का पाहा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही आणि गाडी सरळ समोरच्या भिंतीला जाऊ शकते. त्यानंतरचे दोनेकशे किलोमीटर अंगावर येऊन ब्रेक मारणं टाळा, नवा पॅड डिस्कवर नीट बसायला तेवढा वेळ घेतो. या दिवसांत हलका आवाज किंवा वास आला तर तो आपोआप जातो. नाही गेला, तर त्याच गॅरेजला परत घेऊन जा.