गतिरोधक मागण्याआधी

गल्लीत एखाद्या शाळकरी मुलाला दुचाकीनं उडवलं की दुसऱ्याच दिवशी सह्या गोळा होतात. अर्जातली मागणी ठरलेली असते: गतिरोधक बसवा. नगरसेवकालाही ते सोयीचं. थोडं डांबर, एक रात्र आणि काम झाल्याचा फोटो. मग दुचाकीवाले कडेच्या फटीतून सुसाट निघतात आणि रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर मात्र कामातून जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. ताशी २५ किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला त्याचा त्रास होऊ नये. आपल्या दारातला टेप लावून मोजून पाहा.

रहिवाशांची तळमळ खरी असते, पण मागणी अपुरी पडते. गाडी एका ठिकाणी दचकवून उपयोग नाही, सगळ्या रस्त्यावरचा वेग उतरायला हवा. का, ते साध्या गणितातून दिसतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. ताशी ३० किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्या अंतरात पूर्ण थांबूही शकते. एक गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेकसुद्धा लागलेला नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

वेग कमी करायचा तर रस्त्याची रचना बदलावी लागते, आणि हे काम नागरिकांनी रेटून करून घेतल्याचं उत्तम उदाहरण नेदरलँड्सचं आहे. आज सायकलींचा म्हणून ओळखला जाणारा हा देश सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तसा नव्हता. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३,३०० लोक रस्त्यावर मेले, त्यांत ४००हून अधिक मुलं. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्यानं १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाचं शीर्षक होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, गल्ल्या अडवून तिथे खेळ मांडले. डेल्फ्ट शहरात त्याच्या थोडं आधीपासून निवासी गल्ल्यांचं रूप पालटायला सुरुवात झाली होती. वाट मुद्दाम वळणाची केली, मध्ये झाडं आणि कुंड्या आल्या, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आले. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात स्थान मिळालं. चालणारा पूर्ण रुंदी वापरू शकतो, मुलं खेळू शकतात, गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं. आणि गाडी फक्त आखलेल्या जागेतच लावायची! २०२३ मध्ये त्या देशातले रस्ते अपघातांतले मृत्यू ६८४ होते. लोकसंख्या दरम्यान वाढलीच होती.

आखलेल्या जागेची ही अट आपल्याला झेपणारी आहे का? पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन होतो, लोक हौसेनं चालतात. पण २०१८ मध्ये मंजूर झालेलं पार्किंगचं धोरण, तेही सुरुवातीला मोजक्याच रस्त्यांपुरतं, विरोधामुळे रखडलं. चालायला जागा सगळ्यांना हवी आहे, फक्त ती शेजाऱ्याच्या गाडीखालची असावी.

कोपऱ्यावरच्या गाड्या ही खरी गोम. वळणाला चिकटून मोटार उभी असली की पलीकडून येणारं मूल चालकाला दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही. कोपऱ्यापासून काही मीटर जागा मोकळी ठेवली, वळण आवळलं, फुटपाथ तिथे थोडा पुढे आणला, तर वेग आपोआप उतरतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. फुटपाथ सलग हवा. सोसायटीच्या प्रत्येक फाटकाशी उतरणारा-चढणारा फुटपाथ ज्येष्ठ माणूस सोडूनच देतो आणि रस्त्यावरून चालतो.

यासाठी दोन दारं ठोठावावी लागतात. रस्त्याची बांधणी महापालिकेच्या पथ विभागाकडे, तर पार्किंगबंदी आणि एकेरी वाहतुकीचे आदेश पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. एकाकडेच गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून एकच अर्ज दोघांना द्यावा आणि सोबत भावना कमी, मोजमाप जास्त असावं: शाळा सुटताना किती गाड्या जातात, फुटपाथची मोकळी रुंदी किती (मानकात किमान १.८ मीटर आहे), कुठे तो केबिननं आणि विजेच्या डीपीनं अडला आहे. पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवण्याची सोय २००६ पासून आहे, पण तिचा उपयोग करणारे थोडेच.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. फुटपाथवरून चालण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्येच आली.

तेव्हा सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांनंतर एक विषय वाढवा: कोपऱ्यावर कोणाच्या गाड्या उभ्या असतात, आणि त्या आजपासून कुठे लावायच्या. महापालिकेकडे अर्ज त्यानंतर द्या.