पोटातला किरणोत्सर्ग कसा मोजतात?

नागपूरच्या धंतोलीत सीटी स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला किरण बाहेरून मिळतात. यंत्र थांबलं की तेही थांबतात. अन्नातून गेलेल्या सीझियम-१३७चं तसं नाही. ते स्नायूंमध्ये मुरतं आणि प्रौढाच्या शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच सुमारे शंभर दिवस लागतात.

१९४६ ते १९५८ दरम्यान अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर २३ अणुचाचण्या केल्या. १९६८मध्ये बेट सुरक्षित असल्याचं जाहीर झालं आणि पुढच्या काही वर्षांत कुटुंबं परतली. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी, म्हणून झाडं त्याच्याऐवजी सीझियम शोषतात. नव्याने लावलेले नारळ फळाला आले आणि शहाळं, खोबरं रोजच्या खाण्यात आलं. लोक स्थानिक अन्न किती खातील, हा अंदाज कमी धरला गेला होता. माझ्या मते खरी चूक हीच. ती मातीच्या नमुन्यांत दिसणारी नव्हती.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी रहिवाशांच्या शरीरातून निघणारे गॅमा किरण 'होल बॉडी काउंटर'ने मोजले. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी मोजणी जाड पोलादी खोलीत होते, म्हणजे बाहेरचे किरण हिशेबात मिसळत नाहीत. हाडांत साचणारं स्ट्रॉन्शियम-९० मात्र गॅमा किरण देत नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते.

किरणोत्सर्ग बेकरेलमध्ये मोजतात आणि त्यावरून शरीराला मिळालेला डोस मिलिसिव्हर्टमध्ये काढतात: प्रौढाने १ लाख बेकरेल सीझियम-१३७ गिळलं, तर सुमारे १.३ मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.

बिकिनीकरांच्या शरीरातलं सीझियम वाढतच गेलं. १९७८मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं.