ठाण्याचे खासदार आणि मतदारांचा हिशेब : १९७७पासूनचा मागोवा

लोकसभेच्या खासदाराने मतदारांना कामाचा अहवाल दिलाच पाहिजे, असे बंधन राज्यघटनेत नाही. परवानगीवाचून साठ दिवस सभागृहाकडे फिरकला नाही तर त्याची जागा रिक्त जाहीर करता येते, एवढा धाक कलम १०१ मध्ये आहे. बाकी पाच वर्षे त्याने काय केले, हे त्याने सांगितले तर कळायचे. त्यामुळे खासदाराच्या कामाचा हिशेब ही आपल्याकडे कायद्याने आलेली गोष्ट नाही. ती काही माणसांनी स्वतःहून लावून घेतलेल्या सवयीतून आली, आणि महाराष्ट्रात त्या सवयीचे सर्वांत ठळक नाव ठाण्याच्या एका खासदाराचे आहे : रामचंद्र काशिनाथ उर्फ रामभाऊ म्हाळगी.

म्हाळगी मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कडूसचे, जन्म १९२१चा. व्यवसायाने वकील, पक्षाने जनसंघाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली ते मावळमधून विधानसभेवर निवडून आले. पुढे १९६७ आणि १९७२ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेने त्यांना पाठवले. आणीबाणीत ते स्थानबद्ध होते. सुटकेनंतर १९७७ची लोकसभा निवडणूक त्यांनी जनता पक्षातर्फे ठाण्यातून लढवली आणि जिंकली. १९८०ला देशभर जनता पक्षाची धूळधाण होऊन त्याच्या वाट्याला अवघ्या ३१ जागा आल्या, तेव्हाही ठाणे त्यांच्याकडेच राहिले. ६ मार्च १९८२ रोजी खासदार असतानाच त्यांचे निधन झाले.

आमदार असल्यापासून म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत, आणि खासदार झाल्यावरही त्यांनी तो रिवाज मोडला नाही. आज हे वाचताना विशेष वाटत नाही, कारण कार्यअहवाल नावाची गुळगुळीत रंगीत पुस्तिका हल्ली प्रत्येक लोकप्रतिनिधी काढतो. फरक आहे तो वेळापत्रकाचा. निवडणुकीच्या तोंडावर निघणारी पुस्तिका म्हणजे प्रचारच. तिच्यात पाच वर्षांतले जे चांगले तेवढे निवडून घालता येते. दरवर्षी निघणाऱ्या अहवालात ती सोय नसते. ज्या वर्षी हाती काही लागले नाही, त्या वर्षीही तो काढावा लागतो. शिवाय गेल्या वर्षीचा अहवाल मतदाराच्या फडताळात पडलेला असतो, आणि त्यातले कुठले आश्वासन यंदा गायब झाले हे कुणालाही ताडून बघता येते. विरोधी बाकांवरच्या माणसाला तर याची दुप्पट गरज. त्याच्या हातात त्या काळी ना खाते होते, ना निधी. आपण काय विचारले आणि सरकारने काय उत्तर दिले, एवढेच त्याचे भांडवल.

हे भांडवल नेमके कसे असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. खासदार प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी देतो. प्रश्न खूप येतात, म्हणून सोडत निघते. त्यातून दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीवर येतात. त्यांना मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नांची यादी बरीच लांब असते आणि त्यांची उत्तरे लेखी मिळतात. तारांकित यादीतले पहिले पाच-सहा प्रश्न निघाले की तास संपतो, तेव्हा नशीब जोरावर असल्याखेरीज तोंडी जाब विचारण्याची संधी येत नाही. पण लेखी उत्तर हा कागद असतो, आणि कागदाला किंमत असते. एखादे काम मंजूर आहे का, असेल तर किती रकमेचे, नसेल तर का नाही, हे सरकारने सहीनिशी सांगितलेले असते. गावातल्या माणसाला तो कागद घेऊन संबंधित कचेरीत जाता येते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर तेही सांगण्यासारखे असते. किंबहुना तेच आधी सांगायला हवे.

म्हाळगींनंतरच्या पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे जगन्नाथ पाटील निवडून आले. १९८४च्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप, १९८९ आणि १९९१ला भाजपचे प्रा. राम कापसे, १९९६पासून सलग चार वेळा शिवसेनेचे प्रकाश परांजपे, २००८मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे, २००९ला राष्ट्रवादीचे संजीव नाईक, २०१४ आणि २०१९ला शिवसेनेचे राजन विचारे, २०२४ला शिवसेनेच्या शिंदे गटाचे नरेश म्हस्के, अशी ही मालिका आहे. २००८च्या फेररचनेपूर्वी ठाणे हा देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. कल्याण-डोंबिवलीचा पट्टाही त्यात होता. एवढ्या पसाऱ्यात खासदाराची आणि मतदाराची गाठ पडणे अवघडच. फेररचनेत कल्याण वेगळे झाले, आणि मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून आजचे ठाणे तयार झाले.

याच काळात मतदारसंघातल्या भाईंदर पश्चिमेच्या खाडीकाठी राई-मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गावांचा कारभारही बदलत गेला. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये झाली, राईकडची गावे १९९०मध्ये तिच्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ला महापालिका झाली. पूर्वी गावकऱ्याची तक्रार सरपंचापाशी जाई आणि सरपंच रोज दिसे. आता तीच तक्रार नगरसेवक, आमदार, खासदार अशा तीन दारांवर फिरते, आणि प्रत्येक दारी पुढचे दार दाखवले जाते. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, घनकचऱ्याची दुर्गंधी येते, ही कामे महापालिकेची. जमिनीचा सातबारा, पोलीस, मेट्रोची आखणी ही मुख्यतः राज्याची. खासदाराच्या हद्दीत खरोखर येतात ते भाईंदर स्थानकातली लोकलची गर्दी, केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीतली मिठागरे आणि १९९१, २०११, २०१९ अशी तीनदा नव्याने निघालेली सागरी किनारा नियमन अधिसूचना. आगरी-कोळी वस्तीच्या या गावांत गावठाणातले घर वाढवायचे की नाही, मच्छी सुकवायची जागा कुणाची, मिठागराचे पुढे काय होणार, असल्या प्रश्नांचे धागे शेवटी दिल्लीच्या एखाद्या मंत्रालयात अडकलेले असतात. म्हणजे राईकराला खासदाराचे काम नाही असे नाही. काम आहे, पण ते रस्त्यावर दिसणारे नाही.

दिसणाऱ्या कामाची सोय १९९३च्या डिसेंबरात झाली. नरसिंह राव सरकारने खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी सुरू केला. पहिल्या वर्षी प्रत्येकी पाच लाख, पुढल्या वर्षी एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी रुपये. काम खासदाराने सुचवायचे, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाने करायचा. कामाच्या जागी योजनेचे, खर्चाचे आणि खासदाराचे नाव असलेला फलक लावावा, असे नियमच सांगतात. समाजमंदिर, स्मशानभूमीची शेड, शाळेची खोली, व्यायामशाळा, बसथांब्याचे छप्पर अशी कामे यातून होतात, आणि ती गरजेचीही असतात. पण या निधीने हिशेबाचा नूर पालटला. ‘काय विचारले आणि काय उत्तर मिळाले’ याच्या जागी ‘काय बांधले’ हे आले. पाच कोटींत लोकसभा मतदारसंघाच्या गरजेचा कोपराही भरत नाही, तरीही खासदाराची ओळख त्या फलकावर ठरू लागली. नगरसेवकाने करायचे काम खासदार करतो आणि खासदाराने करायचे काम कुणीच विचारत नाही, हा त्याचा उलटा परिणाम. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये ही योजना बंद करण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मात्र २०१०मध्ये ती वैध ठरवली. कोरोनाकाळात एप्रिल २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ निधी थांबला, आणि ज्यांच्या अहवालात फक्त बांधकामे असत, त्यांना त्या काळापुरते सांगण्यासारखे फारसे उरले नाही.

दरम्यान हिशेब ठेवणारे बाहेरचे हात वाढले. १९९४च्या अखेरीस प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला, २००६मध्ये लोकसभेची स्वतःची वाहिनी आली. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने निधीच्या फायली उघडल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीआरएस या दिल्लीतल्या संस्थेने प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयके यांची टिपणे सर्वांसाठी खुली केली. म्हाळगींना जे स्वतः कागदावर मांडावे लागत होते, ते आता राईतल्या कुठल्याही मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते.

आकड्यांना मात्र आकड्यांइतकेच मानलेले बरे. हजेरी म्हणजे नुसती नोंद. नोंद करून माणूस किती वेळ बसला हे तीत नसते. मंत्र्यांना हजेरीची नोंद करावी लागत नाही आणि ते प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढचा रकाना कोराच असतो. प्रश्नांची संख्या तर मुद्दाम वाढवताही येते. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचे प्रकरण छुप्या कॅमेऱ्यांनी उघडे पाडले आणि २३ डिसेंबरला संसदेने अकरा सदस्यांना बडतर्फ केले; त्यांत जळगाव आणि एरंडोलचे दोन खासदार होते. कागदावर त्यांचेही प्रश्न प्रश्नच होते. प्रश्न मतदारसंघातून उगवला की कुणाच्या पाकिटातून, हे संख्या सांगत नाही. ते कळायला प्रश्न वाचावा लागतो.

म्हाळगींची रीत पुढे चालवणाऱ्यांत शेजारच्या उत्तर मुंबईचे राम नाईक यांचे नाव घ्यावे लागते. १९८९पासून सलग पाच वेळा ते लोकसभेवर निवडून गेले. आपल्या कामाचा वार्षिक वृत्तान्त छापण्याचा नेम त्यांनी सोडला नाही, आणि २०१४ ते २०१९ या काळात उत्तर प्रदेशचे राज्यपाल असताना, जिथे मतदारच नाहीत अशा पदावर बसूनही, दर वर्षी कार्यवृत्त काढले. सवय एकदा अंगवळणी पडली की पदाची वाट पाहत नाही.

म्हाळगींच्या नावाची प्रबोधिनी १९८२ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र उत्तनच्या केशवसृष्टीत आहे. भाईंदर पश्चिमेच्या स्थानकावरून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत त्या बाजूला जावे लागते. लोकप्रतिनिधींना सभागृहातल्या कामाचे प्रशिक्षण देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. नगरसेवकांपासून खासदारांपर्यंत नाना पक्षांची माणसे इथे शिकून गेली आहेत, जरी संस्थेची वैचारिक नाळ संघ परिवाराशी जुळलेली आहे हे लपलेले नाही.

याच रस्त्यावर अलीकडची एक गोष्ट घडली. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा परिसरात ठरली होती. घरे आणि शेती जाणार म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला, आंदोलने केली, निवेदने दिली. शेवटी कारशेड डोंगरीकडे वळवण्यात आली, आणि तिथल्या झाडांच्या तोडीवरून नवा वाद उभा राहिला. प्रकल्प राज्याचा, त्यामुळे दबाव मुंबईतच पडायचा होता. तरी मेट्रोला केंद्राची परवानगी लागते ती कुठल्या टप्प्यावर, वनजमिनीचा भाग असेल तर तिची मंजुरी कुणाकडे, किनारा नियमनाचा अडसर कुठे येतो, हे प्रश्न दिल्लीचेच. त्यांची उत्तरे मिळवून ती राईच्या चावडीवर वाचून दाखवणे हे काम खासदारापलीकडे कुणाचे नव्हते.

आता खासदार निधीच्या कामांची नोंद २०२३पासून केंद्राच्या ई-साक्षी प्रणालीत होते. कोणते काम सुचवले, किती खर्च झाला, हे पाहता येते. खासदाराचे दौरे, बैठका आणि उद्घाटने त्याच्या स्वतःच्या समाजमाध्यम खात्यांवर रोज येतात. रोज येत असल्यामुळेच त्यांत वर्ष कुठे संपले ते कळत नाही. काय झाले नाही, याचा तर उल्लेखच नसतो. मतदारांना वार्षिक अहवाल देण्याचे बंधन अजूनही कोणत्याही कायद्यात नाही.